जुनी डिझेल जीप सकाळी उठत नाही, पंप उघडावा का?

प्रश्न
गाडी १९९० ची, फोर बाय फोर, २११२ सीसी, इनडायरेक्ट इंजेक्शन (डिझेल आधी सिलिंडरशेजारच्या छोट्या कप्प्यात, म्हणजे प्रीचेंबरमध्ये पेटतं). मुक्काम गोव्यात किनाऱ्यावरचं मांद्रे, रोज काजूच्या डोंगरावर चढते. पावसाळा लागल्यापासून सकाळी पाच-सहा वेळा सेल (स्टार्टर) मारावा लागतो. सेल जोरात फिरतो, पण सायलेन्सरमधून धूर अजिबात नाही. डिझेल फिल्टरवरचा हातपंप वीसेक वेळा दाबला की लगेच उठते. मग अर्धा मिनिट पांढरा धूर, कच्च्या डिझेलचा वास आणि एक सिलिंडर मिस. दिवसभर काही तक्रार नाही. मेकॅनिक इंजेक्शन पंप (नोझलना दाबाने डिझेल देणारा) ओव्हरहॉल करायला सांगतो.

प्रतिसाद १
इंजेक्शन पंपाला आत्ता हात लावू देऊ नका. सेल फिरतोय आणि धूर नाही, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलपर्यंत डिझेल पोचतच नाही. हातपंपाने उठते, म्हणजे पंप ठीक आहे. लाइन एअर घेतेय आणि रात्रभरात डिझेल टाकीकडे उतरतंय. टाकी ते फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) हा ओढीचा भाग. तिथल्या बारीक भोकातून बरेचदा थेंबही बाहेर पडत नाही, हवा मात्र आत जाते. त्यामुळे जमिनीवर डाग शोधण्यात अर्थ नाही.

इंजेक्शन पंपाच्या इनलेटला वीतभर पारदर्शक नळी लावा आणि सकाळी सेल मारताना बुडबुडे बघा. दिसले तर टाकीचा पाइप सोडवून फीड पंपाला दोन लिटरच्या कॅनमधून डिझेल द्या. कॅन पंपाच्या उंचीवर, एग्झॉस्टपासून लांब. बुडबुडे थांबले तर दोष टाकीकडच्या पाइपात. नाही थांबले तर पाण्याच्या कपाचं (डिझेलमधलं पाणी साठतं तो) गॅस्केट आणि बँजो बोल्टचे (पाइप जोडणारे पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर बघा.

प्रश्नकर्ता
कॅनवर बुडबुडे बंद. चासीवरच्या क्लिपखाली पाइप गंजलाय, नखाने खरवडलं तर पापुद्रे निघतात.

प्रतिसाद २
खारी हवा आणि क्लिपखाली अडकलेला चिखल, पाइप तिथेच खातो. तेवढा तुकडा स्टीलचाच बदला आणि क्लिपखाली रबर घाला. वॉशर नवे, फिल्टरही नवा. लाइनमधली एअर काढताना आधी फिल्टरचा स्क्रू सैल करून फेस जाईपर्यंत हातपंप मारा, मग नोझलचे नट एकेक फेरा सैल करून सेल. एका वेळी दहा सेकंदच, मध्ये मिनिटभर थांबा. सैल नटाजवळ बोट नको, तो फवारा कातडीत घुसतो.

मिस होणारा सिलिंडर हा वेगळा दोष, बहुधा एक हीटर प्लग (सुरू करताना प्रीचेंबर तापवणारा) गेलाय. या इंजिनात दाबाची उष्णता प्रीचेंबरच्या थंड भिंती खातात, त्यामुळे प्लगशिवाय तो सिलिंडर गरम होईपर्यंत पेटत नाही. वरची पट्टी काढून प्रत्येक प्लग मीटरने मोजा: एक ओहमच्या आसपास चालू, मीटर हललाच नाही तर मेला. एक मेला तरी चारही बदला. आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा आणि इंजिन गरम असताना हळू फिरवा. खाऱ्या हवेत हे प्लग हेडमध्ये घट्ट बसतात. जोर केला तर मोडतात, आणि मग हेड उतरवावं लागतं.