क्लबहाऊसमधलं ‘७२ चाचण्यांचं’ शिबिर: सोसायटीचा पैसा कशावर जावा?

पर्वतीपायथा

मे-जून आला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या नोटीस बोर्डावर, पार्किंगच्या भांडणांशेजारी, एक रंगीत कागद लागतो. ‘फुल बॉडी चेकअप, ७२ चाचण्या, रविवारी सकाळी ७ ते १०, उपाशीपोटी यावे.’ निम्मा खर्च सोसायटी देते, निम्मा सभासद. संध्याकाळी मोबाइलवर पीडीएफ हजर. माझं म्हणणं, हा पैसा वाया जातो.

आधी ७२ हा आकडा घ्या. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, ही एकच नळी, एकच मशीन. पण तिच्या वीस-बावीस ओळी सुट्या मोजतात. लिपिडमध्ये, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या तपासणीत, तर दोन आकड्यांचा भागाकार हीसुद्धा वेगळी चाचणी! मग ‘नॉर्मल रेंज’. ती बहुतेक वेळा निरोगी लोकांमधल्या मधल्या ९५ टक्क्यांवरून ठरवलेली असते. म्हणजे ठणठणीत माणसाचाही आकडा दर वीस चाचण्यांत सरासरी एकदा रेंजबाहेर जाणारच. २० स्वतंत्र चाचण्या केल्या तर किमान एक ठळक लाल अक्षरात येण्याची शक्यता ६४ टक्के, ६० केल्या तर ९५ टक्के. शिबिरातून ‘सगळं नॉर्मल’ घेऊन बाहेर पडणारा माणूस हा खरं तर अपवाद.

त्याच पैशात बीपी, साखर, तोंडाची तपासणी, तिशी ओलांडलेल्या बायकांची गर्भाशयमुखाची तपासणी आणि ज्येष्ठांना फ्लूची लस एवढं बसवता येईल. या प्रत्येकापुढे ‘मग पुढे काय?’ याला उत्तर आहे. व्हिटॅमिन डी १८, म्हणजे कमी आलं, पुढे काय? पुढच्या वर्षीचं पॅकेज.

नळस्टॉप_सिग्नल

गणित ऐटबाज, पण पायाच कच्चा. हिमोग्लोबिन, हिमॅटोक्रिट आणि लाल पेशींची संख्या या तीन स्वतंत्र चाचण्या नव्हेत. एक खाली गेली की तिघी हातात हात घालून खाली जातात. तेव्हा ते ९५ टक्के प्रत्यक्षात बरेच कमी भरतात. तुम्हीच म्हणता ना की ७२ हा फुगवलेला आकडा आहे? मग तसाच फुगवलेला ६० हा आकडा ०.९५ च्या (एक चाचणी नॉर्मल येण्याच्या शक्यतेच्या) डोक्यावर घात म्हणून कशाला बसवता?

दुसरं, माणसाचा स्वभाव. ‘मोफत बीपी तपासणी’ असा फलक लावा, समोरून बाकरवडी घेऊन लोक निघून जातील. ‘७२ चाचण्या’ म्हटलं की रांग लागते. हिंजवडीला सकाळी आठला निघून रात्री नऊला परतणारा चाळिशीचा माणूस एरवी कुठल्या दवाखान्याची पायरी चढतो? त्याची उपाशीपोटीची साखर १३२ निघते ती याच रविवारी. मधुमेह वर्षानुवर्षं काही दुखवत नाही, खुपवत नाही. पॅकेज हे आमिष आहे हे मला मान्य. पण गळाला मासा लागतो ना?

शिवाय जुन्या करप्रणालीत प्रतिबंधक तपासणीचे ५,००० रुपयांपर्यंत वजावटीत धरता येतात, एकूण मर्यादेच्या आत राहून. तेवढ्यासाठी येणारेही असतात. येऊ देत की.

रक्तनळी

तुम्ही दोघं रिपोर्टवर भांडताय. रिपोर्टच्या आधीचे तीन तास बघा.

क्लबहाऊसचं टेबल डोळ्यांपुढे आणा. जांभळ्या झाकणाची नळी सीबीसी आणि एचबीए१सीसाठी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी), करड्या झाकणाची साखरेसाठी, पिवळ्या किंवा लाल झाकणाची बाकी सगळ्यासाठी. करड्या नळीत फ्लोराइड असतं, कारण साध्या नळीत रक्तपेशी साखर खात बसतात. ताशी ५ ते ७ टक्के. फ्लोराइडही लगेच काम करत नाही, पूर्ण रोखायला तास-दोन तास घेतं. आता पहिला नमुना सातला, पेटी उचलणारा मुलगा साडेदहाला, लॅब शहराच्या दुसऱ्या टोकाला. नमुना वेळेवर सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पेशी वेगळ्या केल्या नाहीत तर १३२ ची साखर मधुमेहाच्या रेषेखाली, १२० दिसू शकते आणि नळस्टॉपरावांचा मासा गळातून सुटतो.

पोटॅशियमची गोष्ट उलटी. पट्टा दंडावर मिनिटापेक्षा जास्त आवळून ठेवला, मूठ उघडझाप करायला लावली, बारीक सुईतून जोरात ओढलं, नळी खळाखळा हलवली, किंवा सीरम वेगळं करायला उशीर झाला, की पेशींमधलं पोटॅशियम बाहेर येतं. रिपोर्टवर ५.९. रविवारी रात्री घरात घबराट, सोमवारी ईसीजी, पुन्हा रक्त, आणि आकडा ४.३.

केसांसाठी बायोटिनच्या ५-१० मिलिग्रॅमच्या गोळ्या घेणाऱ्यांनी निदान दोन दिवस आधी त्या थांबवायला हव्यात. काही मशीनवर त्यांमुळे थायरॉइडच्या चाचण्यांत टीएसएच खोटं कमी आणि टी४ खोटं जास्त येतं; हुबेहूब थायरॉइड वाढल्याचं चित्र. हा प्रश्न शिबिराच्या फॉर्मवर सहसा नसतोच. आणि एचबीए१सी लोहाच्या कमतरतेत खोटं वर जातं, रक्तपेशी लवकर तुटणाऱ्या आजारांत खोटं खाली. आपल्याकडच्या बायकांमधला ॲनिमिया पाहता हिमोग्लोबिन न बघता एचबीए१सी वाचू नये. तेव्हा मी पॅकेजच्या विरोधात नाही, पेटीच्या विरोधात आहे. नमुना दीड तासाच्या आत लॅबला पोचणार असेल तर खुशाल करा.

पर्वतीपायथा

घाताचा मुद्दा मान्य, आकडा खाली येईल. पण मग महागड्या पॅकेजमधल्या ‘कॅन्सर पॅनेल’चं काय? सीए-१२५ (अंडाशय), सीईए (आतडं), पीएसए (प्रोस्टेट).

समजा १०,००० बायकांमध्ये अंडाशयाचा कॅन्सर असलेल्या चौघी आहेत. चाचणी चारातल्या तिघी पकडते आणि निरोगींपैकी फक्त २ टक्क्यांना चुकून पकडते. ऐकायला उत्तम. पण निरोगींचे २ टक्के म्हणजे सुमारे २०० बायका! २०३ जणींना धसका, त्यातल्या तिघींना खरा आजार. सीए-१२५ पाळीत, फायब्रॉइडमध्ये, एंडोमेट्रिओसिसमध्ये, पोटाच्या टीबीतही वाढतं. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक बायकांवर या चाचणीचा वर्षानुवर्षं अभ्यास झाला. २०२१ मध्ये आलेला निष्कर्ष असा की मृत्यू कमी झाले नाहीत. सीईए तर नुसत्या धूम्रपानानेही वर सरकतं.

आणि दक्षिण कोरिया. राष्ट्रीय तपासणी मोहिमेत लोक थोडे जादा पैसे भरून गळ्याची सोनोग्राफी करून घेऊ लागले. १९९३ ते २०११ या काळात थायरॉइड कॅन्सरचं निदान १५ पट झालं, मृत्युदर होता तिथेच. ज्या गाठींनी जन्मात त्रास दिला नसता त्या काढल्या, आणि लोक आयुष्यभर गोळीला बांधले गेले. आमिष म्हणता, पण गळ माशाला लागतो हेही लक्षात असू द्या.

मुठाकाठची

पर्वतीपायथा, तुमच्या यादीतली ‘गर्भाशयमुखाची तपासणी’ तुम्ही एका ओळीत उरकलीत. ती इतकी सरळ नाही.

यातलं जगभर वाचलं गेलेलं काम आपल्या मराठवाड्यातलं आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलने, टाटा मेमोरियल आणि आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेबरोबर, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचे चार गट केले: एचपीव्ही (हा कॅन्सर घडवणारा विषाणू) चाचणी, पॅप (पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघणं), व्हिनेगरची तपासणी म्हणजे व्हीआयए, आणि नेहमीची सेवा. २००९ मध्ये निकाल आला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीच्या गटात आठ वर्षांत ३४ मृत्यू, नेहमीच्या सेवेच्या गटात ६४. पॅप आणि व्हीआयएच्या गटांत मात्र मृत्यू लक्षणीय घटले नाहीत.

मग व्हीआयए टाकाऊ का? नाही. मुंबईच्या वस्त्यांत टाटाने प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांकडून दर दोन वर्षांनी तेच केलं तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. फरक हाताचा आणि सातत्याचा. ३ ते ५ टक्के ॲसेटिक ॲसिडचा बोळा लावून पूर्ण एक मिनिट थांबायचं, मग पांढरा डाग येतो का ते चांगल्या उजेडात बघायचं. लोक वीस सेकंदांत उरकतात. पाळी चालू असताना करायचं नाही. पन्नाशीनंतर बघायचा भाग आतल्या नळीत सरकतो, तिथे व्हीआयए फसतं. आणि हे क्लबहाऊसमध्ये टेबल टेनिसच्या टेबलावर होत नाही. एचपीव्हीसाठी मात्र बाई स्वतःच ब्रशने नमुना घेऊ शकते, घरच्या बाथरूममध्ये. जागतिक आरोग्य संघटना तिशीपासून दर ५ ते १० वर्षांनी एकदा म्हणते. दरवर्षी नव्हे!

स्तनांसाठी सरसकट मॅमोग्राफीची बस बोलवू नका. तरुण वयात ऊती दाट असतात, गाठ लपते. मुंबईच्या त्याच अभ्यासात नुसत्या प्रशिक्षित हातांच्या तपासणीने पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले, त्याखालच्या वयात फायदा दिसला नाही. आणि मुलींसाठी एचपीव्हीची लस आता पुण्यातच बनते, सीरम इन्स्टिट्यूटची, २०२३ पासून बाजारात आहे. ९ ते १४ वयात सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस. आधी झालेला संसर्ग ती बरा करत नाही, म्हणून लस घेतलेल्या मुलीलाही तिशीनंतर तपासणी लागतेच.

सदाशिव_शंका

पर्वतीपायथा रक्ताच्या चाचण्यांना एक न्याय लावतात आणि फ्लूच्या लशीला दुसरा. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात ज्येष्ठांमध्ये फ्लूचं प्रमाण लशीमुळे ६ वरून २.४ टक्क्यांवर आलं, आणि त्या पुराव्याची खात्रीही कमीच धरली होती. म्हणजे साधारण तिघांना नव्हे, तीस जणांना टोचलं की एकाचा फ्लू टळतो. तोही दरवर्षी, दीड-दोन हजार मोजून. ज्या वयाला सर्वांत गरज, त्याच वयात लस सर्वांत ढिली! वर लशीचं शिबिर जुलैच्या मध्यात, निम्मं पुणं खोकत असताना. याला प्रतिबंध म्हणायचं?

थंडसाखळी

शंका रास्त, पण अर्धी. तिसांतला एक फ्लू टळणं हे सत्तरीतल्या मधुमेह्यासाठी वाईट नाही, कारण त्याचा फ्लू तीन दिवसांचा ताप नसतो. हृदयविकाराच्या झटक्यानंतर लगेच लस दिलेल्या, अडीच हजारांवर रुग्णांच्या चाचणीत वर्षभरातले मृत्यू ४.९ टक्क्यांऐवजी २.९ टक्के राहिले. म्हणून लस सरसकट नको, निवडून द्या: ज्येष्ठ, गरोदर बायका, दमा, मधुमेह, हृदय आणि किडनीचे रुग्ण.

वेळेबद्दल मात्र तुमचं शंभर टक्के बरोबर. श्रीनगरची फ्लूची लाट हिवाळ्यात, पुण्याची मोठी लाट पावसाळ्यात. २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू इथेच झाला, तो ऑगस्टच्या सुरुवातीला. लस अंगी लागायला दोन आठवडे जातात आणि महिन्यांगणिक उतरत जाते. तेव्हा एप्रिल-मे ही आपली वेळ. खोक्यावर दक्षिण गोलार्धाचं, चालू वर्षाचं मिश्रण लिहिलंय ना ते वाचून घ्या. आदल्या हिवाळ्यातलं उरलेलं उत्तर गोलार्धाचं खोकं सवलतीत येतं, ते कुणाच्या तरी मुदत संपण्याच्या घाईचं असतं. चार विषाणूंचीच हवी असा हट्टही नको. बी-यामागाता हा फ्लूच्या विषाणूचा प्रकार मार्च २०२० नंतर सापडलेला नाही, तीनची पुरते.

आता माझा खरा आक्षेप. लस २ ते ८ अंशांत ठेवायची आणि गोठू द्यायची नाही. शिबिरवाले उत्साहाने फ्रीजरमधले दगडासारखे आइसपॅक थेट पेटीत टाकतात, आणि लस गार राहण्याऐवजी गोठते. गोठलेली लस वितळवून वापरायची नसते, टाकायची असते. पॅक बाहेर काढून ठेवा, कानाशी हलवा, आत पाणी डचमळलं की मग पेटीत. मध्ये थर्मामीटर. टोचल्यावर माणूस अर्धा तास खुर्चीतच, आणि खोलीत ॲड्रिनॅलिन (तीव्र ॲलर्जी आली तर द्यायचं). ही तयारी नसेल तर दवाखान्यातच पाठवा. लशीने फ्लू होतो ही भीती मात्र सोडा, सुईची लस निष्क्रिय असते. दंड दोन दिवस दुखतो, इतकंच.

नळस्टॉप_सिग्नल

बरं, माझं पॅकेज सोडतो. बीपी आणि साखर ठेवतो. पण तुमचं बीपीसुद्धा शिबिरात धड होत नाही. तीन मजले चढून, रांगेत वाद घालून आलेल्या माणसाला उभ्या-उभ्या पट्टा बांधला की १५०/९६ येणारच. पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसवा, पाय जमिनीवर, दंड उघडा आणि छातीच्या पातळीला, अर्ध्या तासात चहा नाही. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर आकडा खोटा वर जातो. मोठा पट्टा मागून घ्या.

आणि तोंडाची तपासणी? सभासद एकमेकांसमोर आ करतील?

मुठाकाठची

सभासदांना त्याची गरज तुलनेनं कमीच. गेटवरचे वॉचमन, सफाईवाले, कामाला येणाऱ्या मावश्या यांना शिबिराचा कागद कुणी दाखवतं का? तंबाखू-चुना आणि मिश्री तिथे आहे. केरळच्या मोठ्या अभ्यासात नुसत्या डोळ्यांनी तोंड बघून तंबाखू-दारू घेणाऱ्यांमधले तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. लागतं काय? टॉर्च, लाकडी पट्टी, दोन मिनिटं. गालाच्या आत, जिभेच्या कडा, जिभेखाली. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, लाल मखमली चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेली तोंडातली जखम. स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जात नसतील तर तो वेगळा इशारा.

पर्वतीपायथा

हे मला सुचायला हवं होतं. नोटीशीत ‘सभासद व सोसायटीत काम करणारे सर्व’ असं लिहायला सांगतो, खर्च सोसायटीचा.

मुठाकाठची

लिहून काही होणार नाही. रविवारी सकाळी ७ ते १० ही नेमकी धुण्याभांड्यांची वेळ. मावशी चार घरं सोडून तुमच्या रांगेत उभी राहणार नाही.

रक्तनळी

मग दुपारी तीनला ठेवा. एचबीए१सीला, बीपीला, तोंड बघायला उपाशीपोट लागत नाही. आणि चट्टा निघाला तर बायोप्सीच्या दिवशीचा तिचा खाडा कुणी कापायचा नाही, हेही त्याच कागदावर टाका.