मदत हवी आहे: मनातून पटत नाही, तरी पंथ सुटत का नाही?

गोदाकाठ:
सिडकोतल्या एका ताईंसाठी विचारतोय. ११ वर्षं एका पंथाच्या गुरुवारच्या बैठकीला जातात. आता घरात हळूच म्हणतात, "काही पटत नाही रे." पण गुरुवारी सतरंज्या अंथरायला सगळ्यांच्या आधी त्याच! भीती कशाची असते? त्यांच्याशी बोलायचं कसं?

रामकुंडकर:
बहुतेकदा घोडं व्यवहारात अडतं. पंथ उद्या सुटला तर काय काय जाईल ते कागदावर लिहून काढा. मुलीचं स्थळ बैठकीतून येणार का? यजमानांची सातपूरची नोकरी बैठकीतल्याच कोणी लावली का? भिशी, बाळंतपणाला धावून येणाऱ्या बायका, भाड्याची खोली? यातलं बरंचसं तिथेच गुंतलं असेल तर शंका कितीही जुनी असो, पाय निघत नाही. शिवाय ११ वर्षं पाण्यात गेली हे स्वतःशी कबूल करणं फार जड.

त्यात प्रत्येकीला वाटतं, शंका मला एकटीलाच. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांच्या १९५०च्या दशकातल्या प्रयोगांत सारख्या लांबीची रेघ ओळखायची होती. बाकीचे सगळे ठरवून चुकीची रेघ सांगायचे, तेव्हा खऱ्या सहभागींची सुमारे एक तृतीयांश उत्तरं त्यांच्यामागे गेली. एक जण जरी खरं बोलला, तरी हे प्रमाण खूपच खाली यायचं. ताईंसाठी तो एक जण तुम्ही व्हा.

इंदिरानगरवाली:
गुरूंवर टीका मुळीच करू नका. ताई लगेच त्यांची बाजू घेतील आणि तुमचं बोलणं बैठकीत जाऊन सांगतील. मनातलं सगळं तिथे ओतायची सवय लागलेली असते, आणि तेच पुढे धाक घालायला वापरलं जातं. एवढंच विचारा, "एक गुरुवार चुकला तर कोणाचा फोन येईल? काय म्हणतील?" मग गप्प बसून ऐका.

आधार, पासबुक, दाखले यांच्या मूळ प्रती ताईंच्या हाती हव्यात. स्वतःच्या एकटीच्या नावाचं खातं, त्यात निदान ३ महिन्यांचा खर्च. तोवर 'सोडतेय' असं कोणालाही सांगायचं नाही. बहुतेक जणी इथेच घाई करतात आणि घरचेच उलटतात.

वाळीत टाकलंच तर महाराष्ट्राच्या २०१६च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे: ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ग्रुपवरचे मेसेज पुसू नका, तक्रारीला तेच लागतील. झोप उडाली असेल तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

गोदाकाठ:
कागदपत्रं मोठ्या दिरांच्या कपाटात आहेत, आणि ते बैठकीचेच. आधी तेवढं सोडवतो.