मदत हवी आहे: प्रोटेक्शनकडे वळू की पॉवर इलेक्ट्रॉनिक्सकडे?

नमस्कार. इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचा विषय लवकरच द्यायचा आहे आणि माझं काही ठरत नाहीये: प्रोटेक्शन (वीजजाळ्यातला बिघाड ओळखून तो भाग वेगळा करणं) घेऊ की पॉवर इलेक्ट्रॉनिक्स (वेगाने चालू-बंद होणाऱ्या स्विचने वीज रूपांतरित करणं)? प्रत्यक्ष या कामात असलेल्यांचं मत हवं आहे.

मशीन्सच्या लॅबमध्ये इंडक्शन मोटरचा प्रयोग केला तेव्हा हा विषय पहिल्यांदा आपला वाटला. चार पोल, ५० हर्ट्झ, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेणार. भार चढवल्यावर टॅकोमीटरवर १४४० आले, म्हणजे ४ टक्के स्लिप (मोटर क्षेत्रापेक्षा तितकी मागे). रोटरने, म्हणजे फिरत्या भागाने, क्षेत्राला गाठलं तर त्यात करंटच येणार नाही आणि टॉर्कही उरणार नाही, हे पाठ होतं. पण खरं पटलं ते त्या दिवशी.

त्यानंतर प्रोटेक्शन शिकले आणि डिस्टन्स रिलेने (बिघाड दिसला की लाइन तोडायला लावणाऱ्या उपकरणाने) वेडच लावलं. व्होल्टेज आणि करंट यांच्या गुणोत्तरावरून फॉल्ट (लाइनवरचा बिघाड) किती लांब आहे हे ओळखायचं, तेही काही मिलिसेकंदांत! पहिला झोन, म्हणजे रिले न थांबता लगेच ट्रिप करतो तो भाग, लाइनच्या साधारण ८० टक्क्यांवरच का थांबवतात, हे समजल्यावर तर या कामातली जोखीम लक्षात आली.

दुसरीकडे, सुट्टीत मी १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारा बक कन्व्हर्टर बनवला. सिम्युलेशनमध्ये वेव्हफॉर्म अगदी स्वच्छ. बोर्डवर मात्र मॉसफेट (स्विचचं काम करणारा ट्रान्झिस्टर) तापला आणि स्विच नोडवर भरपूर रिंगिंग (व्होल्टेजची नको असलेली थरथर) दिसलं. दोन आठवडे त्यातच गेले. इनपुट कपॅसिटर मॉसफेटच्या अगदी जवळ आणला तेव्हा रिंगिंग कमी झालं. इतका आनंद मला कुठल्याच परीक्षेने दिलेला नाही.

आता अडचण. कंट्रोलचं गणित कच्चं आहे. बोडे प्लॉट (फ्रिक्वेन्सीनुसार गेन आणि फेज दाखवणारा आलेख) काढता येतो, पण तो मला काय सांगतोय ते कळत नाही. अशाने पॉवर इलेक्ट्रॉनिक्समध्ये टिकेन का? आणि प्रोटेक्शनमध्ये रोजचं काम नक्की कसं असतं? नुसत्या सेटिंगच्या फाइली भरायच्या असतील तर मन रमणार नाही.

प्रतिसाद १

मी प्रोटेक्शनमध्येच आहे. फाइली असतात, खोटं सांगत नाही. पण ती सेटिंग्ज आधी हिशोबाने काढावी लागतात, शेजारच्या रिलेशी जुळवावी लागतात, मग साइटवर टेस्ट किटने करंट सोडून तपासावी लागतात. शटडाउन मिळेल तेव्हा काम, त्यामुळे रात्रीही जागाव्या लागतात. लाइन ट्रिप झाल्यावर डिस्टर्बन्स रेकॉर्ड (त्या क्षणी टिपलेल्या व्होल्टेज-करंटच्या लाटा) उघडून बसायचं, हा या कामातला मला सगळ्यात आवडणारा भाग. सीटी (करंट मोजायचा ट्रान्सफॉर्मर) सॅच्युरेट झाला, म्हणजे त्याचा गाभा चुंबकीयदृष्ट्या भरला, की करंटची लाट कशी कापली जाते, ते तिथे स्पष्ट दिसतं.

पण तुझे दोन विषय तुला वाटतात तितके वेगळे नाहीत. आपले बरेच रिले सिंक्रोनस जनरेटर गृहीत धरून घडलेत. फॉल्ट झाला की जनरेटर रेटेड करंटच्या कितीतरी पट करंट देतो. सोलर इन्व्हर्टर आपले स्विच वाचवण्यासाठी तो रेटेडच्या थोडा वरच रोखतो आणि निगेटिव्ह सीक्वेन्स करंट (तीन फेज असमान झाल्यावर दिसणारा उलट क्रमाचा घटक) किती द्यायचा हे त्याचं कंट्रोल ठरवतं. मग त्यावरून फॉल्टची दिशा ओळखणारा रिले गोंधळू शकतो. एका बाजूला इन्व्हर्टर असलेली लाइन घे, सिंगल लाइन टू ग्राउंड फॉल्ट (एका तारेचा जमिनीशी संपर्क) टाक आणि रिलेला दिसणारा इम्पीडन्स (व्होल्टेज आणि करंट यांचं ते गुणोत्तर) कसा सरकतो ते बघ. प्रोजेक्टला एवढं भरपूर आहे.

प्रतिसाद २

बोडे प्लॉटबद्दल: बकनंतर बूस्ट (व्होल्टेज वाढवणारा) कन्व्हर्टर बनव. कंटिन्युअस मोडमध्ये (इंडक्टरचा करंट शून्यावर येत नाही तेव्हा) ड्युटी, म्हणजे स्विच चालू असण्याचा वाटा, एकदम वाढवलीस की आउटपुट आधी खाली जातं, मग वर येतं. राइट हाफ प्लेन झीरो म्हणतात तो हाच. स्कोपवर एकदा पाहिलंस की फेज मार्जिन (कंट्रोल अस्थिर होण्याआधीची राखीव फेज) का जपायचा ते कळेल. आणि रिंगिंग मोजताना प्रोबची लांब ग्राउंड क्लिप काढून छोटी स्प्रिंग लाव. तुला दिसलेलं काही रिंगिंग त्या क्लिपचंच असेल.