पेशी स्वतःच्या म्हणजे निर्धोक?

वार्धक्य रोखण्यासाठी मूलपेशी (स्टेम सेल, म्हणजे इतर प्रकारच्या पेशी तयार करू शकणाऱ्या पेशी) टोचून घ्याव्यात का, या चर्चेत ‘पेशी आपल्याच शरीरातल्या, त्यामुळे गुण आला नाही तरी अपाय तर होणार नाही’ असे एका सदस्यांनी लिहिले आहे. या चर्चेतील सर्वांत घातक समज मला हाच वाटतो. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात तीन वृद्ध महिलांच्या डोळ्यांत, वयोमानाने होणाऱ्या मॅक्युलाच्या (डोळ्यातील पडद्याच्या मध्यभागाच्या) ऱ्हासावर उपाय म्हणून, त्यांच्याच पोटाच्या चरबीतून मिळवलेल्या पेशी पैसे घेऊन टोचण्यात आल्या, त्याही दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी. परिणामी त्यांची दृष्टी जवळजवळ पूर्णपणे गेली. हे प्रकरण २०१७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले.

शिरेतून पेशी दिल्या की त्या थकलेले अवयव शोधून दुरुस्त करतात, हा ‘तारुण्य परत आणणाऱ्या’ जाहिरातींचा दावाही टिकत नाही, कारण अशा रीतीने दिलेल्या मेसेनकायमल पेशींपैकी (चरबी, अस्थिमज्जा अशा ऊतींतून मिळणाऱ्या मूलपेशींपैकी) बहुतांश फुप्फुसांतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांतच अडकतात आणि थोड्याच काळात नष्ट होतात.

मात्र मूलपेशी म्हणजे निव्वळ थोतांड, हे दुसऱ्या सदस्यांचे म्हणणेही मान्य करता येत नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८३ सालीच अस्थिमज्जा प्रत्यारोपण, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूलपेशींचेच प्रत्यारोपण, झाले होते, आणि रक्ताच्या अनेक विकारांवर तो आज प्रस्थापित उपचार आहे. वार्धक्य रोखण्यासाठी मात्र असा कोणताही सिद्ध मूलपेशी-उपचार आज उपलब्ध नाही, मग त्याचे पॅकेज कितीही लाखांचे असो.