सोसायटी ग्रुप: काकूंचे रिपोर्ट

ए-३०२ काकू: मंडळी, चेकअपचे रिपोर्ट आले. हिमोग्लोबिन ११.८, फेरिटिन ९, बी१२ २३८. बी१२ पुढे खूण नाही, म्हणजे ठीक ना? दोन्ही तळपायांना मुंग्या मात्र रोज. काल चप्पल पायातून निसटली ती जिन्यात गेल्यावर कळलं 🙈

बी-५०१ दादा: काकू, बी१२ ची इंजेक्शनं ठोका, आठवड्यात टकाटक!

सी-१०४ ताई: थांबा रे जरा. काकू, शुगरची गोळी कोणती चालू आहे?

ए-३०२ काकू: मेटफॉर्मिन. बरीच वर्षं. ॲसिडिटीची पँटोप्राझोलपण.

सी-१०४ ताई: वाटलंच. दोन्ही गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तर बी१२ खाली येऊ शकतं. त्यात तुम्ही पक्क्या शाकाहारी. बहुतेक लॅब २०० च्या वर नॉर्मल छापतात, पण २०० ते ३०० मध्ये खरी कमतरता लपलेली असू शकते. अशा वेळी डॉक्टर होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक ॲसिड या रक्ताच्या तपासण्या करून बघतात, बी१२ कमी असलं की हे दोन्ही वाढतात. इंजेक्शन घेतल्यावर बी१२ तपासलं तर आकडा वरच येणार, त्यातून काही कळत नाही. म्हणून तपासणीचं रक्त आधी द्या. पण मुंग्या आहेत तर रिपोर्टची वाट बघत बसू नका, रक्त दिलं की औषध लगेच सुरू करायचं का ते डॉक्टरांना विचारा. नसांचं नुकसान जुनं झालं की पूर्ण भरून येईलच असं नाही.

ए-२०३ आजोबा: एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, किती आहे?

ए-३०२ काकू: ८८. नॉर्मल लिहिलंय.

सी-१०४ ताई: मला खटकतंय ते हेच, आजोबा. फेरिटिन ९ म्हणजे लोह कमी. लोह कमी असलं की पेशी लहान होतात, बी१२ कमी असलं की मोठ्या. दोन्ही कमी असलं की सरासरी छान ८८! मशीनला काय कळणार. त्यापेक्षा आरडीडब्ल्यू, म्हणजे पेशींच्या आकारातला फरक बघा, तो वाढलेला असेल.

बी-५०१ दादा: हिमोग्लोबिन तर थोडंसंच कमी आहे की.

सी-१०४ ताई: हिमोग्लोबिन म्हणजे नळाला येणारं पाणी, फेरिटिन म्हणजे लोहाची टाकी. टाकी तळाला गेली तरी नळ काही दिवस चालतो. उलट ताप किंवा सूज असली की फेरिटिन उगाच वर दिसतं.

सेक्रेटरी: टाकीवरून आठवलं, उद्या १० ते २ पाणी बंद 🙏

ए-३०२ काकू: म्हणजे मुंग्या लोहामुळे?

सी-१०४ ताई: लोह कमी असलं की रात्री पाय वळवळतात, हलवल्याशिवाय चैन पडत नाही. तळपाय बधिर होणं म्हणजे संशय बी१२ वर किंवा शुगरवर. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जातो का?

ए-३०२ काकू: हो ग! बेसिन धरते.

सी-१०४ ताई: मग न्यूरोच्या डॉक्टरांना या आठवड्यातच दाखवा. केईएमलाही ओपीडी आहे. ते पायाला ट्यूनिंग फोर्क लावून कंप जाणवतो का बघतील. आणि दादा, बी१२ शिवाय नुसती केमिस्टकडची फॉलिक ॲसिडची गोळी सुचवू नकोस. त्याने हिमोग्लोबिन सुधारतं, नसा बिघडतच राहतात. बी६ व्हिटॅमिनच्या गोळ्याही मनाने नकोत, ते जास्त झालं तर त्यानेच मुंग्या येतात.

ए-२०३ आजोबा: काकू, लोह कमी असलं की एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) खोटं वाढलेलं दिसू शकतं. शुगरची गोळी वाढवण्याआधी तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

बी-५०१ दादा: काकू, गुरुवारी मी घरी आहे. गाडीने नेतो. मेटफॉर्मिनची पट्टी आणि जुने रिपोर्ट सोबत घ्या.