मदत हवी आहे: पुढचं डावं चाक सारखं तापतंय

नमस्कार मंडळी. गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, राहायला ठाण्यात, कासारवडवलीला. वर्षभरात पुढचे ब्रेक पॅड दोनदा बदलले, तरी तेच. सकाळी गाडी ठीक असते. संध्याकाळी घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून सारखे ब्रेक मारत आलं की ती डावीकडे ओढायला लागते. परवा गायमुखचा घाट उतरल्यावर तर जळका वास आला, रिमला हात लावता येईना. शेजारी आई बसलेली, पोटात गोळाच आला.

काढलेला आतला पॅड पार पत्र्याला टेकलाय, बाहेरचा अजून अर्धा शिल्लक. मेकॅनिक म्हणतो, कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) जाम आहे, नवीन घाला. पण काल गाडी गरम असतानाच जॅक लावला, चाक हाताने फिरेना. ब्लीडिंगचा निपल (कॅलिपरमधलं ब्रेक ऑइल बाहेर काढायचा छोटा स्क्रू) जरा सैल केला, तेल जोरात उडालं आणि चाक लगेच मोकळं! म्हणजे प्रेशर आतच अडकतंय ना? उजवं चाक आणि मागची दोन्ही मोकळी, म्हणून मास्टर सिलिंडरपेक्षा (पेडल दाबलं की सगळ्या चाकांना प्रेशर देणारा भाग) मला या चाकाच्या रबरी होजवर (कॅलिपरपर्यंत ब्रेक ऑइल नेणारी नळी) संशय आहे; बाहेरून धड दिसतो, पण आतून फुगला असेल.

कुणाला असा अनुभव आहे का? आधी फक्त होज बदलून बघू, की कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिनांना ग्रीस आणि कॅलिपरचं (रबरी सीलचं) किटही सोबतच करून घेऊ? ठाण्यात नीट तपासून मग पार्ट बदलणारा मेकॅनिक माहीत असेल तर तोही सांगा. तोवर गाडी उभीच ठेवली आहे.