नोटरीवर भागवू नका

पहिला फ्लॅट भाड्याने देताना नोटरी केलेला करार पुरतो, असं कुणीतरी लिहिलंय. महाराष्ट्रात पुरत नाही. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार लीव्ह अँड लायसन्स करार (घर ठराविक काळ वापरायला देण्याचा परवाना) अकरा महिन्यांचा असला तरी नोंदवावाच लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर वादात अटींबद्दल भाडेकरूचंच म्हणणं आधी ग्राह्य धरतात. ऑनलाइन नोंदणी घरबसल्या होते, मग ही जोखीम कशाला?

पुण्यात फ्लॅट घेणार असाल तर हिशेबात आणखी एक धरा: स्वतः राहणाऱ्याला मिळकतकरात मिळणारी ४० टक्के सवलत भाडेकरू ठेवल्यावर जाते. सोसायटीचे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचं शुल्क) मात्र सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त देऊ नका.